सशाची भूक, सशाचं मन

कोकणातल्या एखाद्या घरात नवा ससा आला की पोरं आधी गाजर पुढे करतात. त्यांची माया खरी, पण सशाचं मुख्य अन्न गवत. त्याचे दात जन्मभर वाढतात; ते गवत चावूनच झिजतात, आणि आतडंही त्या तंतूंवरच चालतं. कुणी म्हणेल, गाजर आवडीने खातो, मग देऊ नये का? द्यावी, पण एखादीच चकती. गोडाने पोट भरलं की गवत सुटतं, आणि दिवसभर गवताला तोंड न लावणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. कोकणच्या पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, म्हणून कातळाच्या सड्यावरचं वाळलेलं गवत कोरड्या जागी साठवावं.

पिंजऱ्यात तो गप्प बसतो, म्हणजे सुखात आहे, असंही म्हटलं जातं. पण ससा शिकार होणारा प्राणी. भीती आणि दुखणं तो लपवतो. त्याला धावायला, उकरायला, दडायला हवं. दोन तोंडांचं पुठ्ठ्याचं खोकं आणि गवत कोंबलेली पुठ्ठ्याची नळी, एवढ्यात त्याचा खेळ होतो. उचलून घेणं त्याला झडपेसारखं वाटतं. जमिनीवर बसावं, त्याला जवळ येऊ द्यावं. आपली हौस बाजूला ठेवून त्याचा स्वभाव जपणं, हेच खरं पाळणं.