दोर कुणाच्या हाती

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या छपरावर एक स्थूल, घामाघूम माणूस पाय रोवून बसला आहे. उंचावरून खाली पाहिलं की त्याला भोवळ येते. त्याच्या हातात दोर आहे. दोराच्या दुसऱ्या टोकाला, खाली सुलतानांच्या खजिन्यात, एक कसरतपटू उलटा लोंबकळतो आहे. फरशीला बोट जरी लागलं तरी गजर होईल अशी तिथली व्यवस्था. छपरावरून दीपगृहाचा झोत ठरावीक वेळाने फिरून जातो. तो आला की अंग चोरायचं, गेला की दोर सैल करायचा. कुणी बोलत नाही.

ज्यूल्स डॅसिनचा ‘तोपकापी’ १९६४ साली आला. पुढच्या पिढ्यांना त्यातलं हे दृश्य दुसऱ्यांच्या हातून मिळालं. ‘मिशन : इम्पॉसिबल’ ही मालिका या चित्रपटावरूनच सुचली, आणि १९९६ साली टॉम क्रूझ मोठ्या पडद्यावर तसाच लोंबकळला. लोंबकळणाऱ्याची नक्कल पुष्कळांनी केली, दोर धरणाऱ्याची फारशी कुणी केली नाही. मला मात्र हा चित्रपट त्या दोर धरणाऱ्याचाच वाटत आला आहे.

त्याचं नाव आर्थर सिम्प्सन. पीटर उस्तिनोवने ही भूमिका केली आणि साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळवलं. ग्रीसमधल्या कावाला बंदरात प्रवाशांना गाठून किरकोळ फसवाफसवी करणं हा सिम्प्सनचा उद्योग. त्यातही त्याला यश नाही. एरिक ॲम्बलरच्या ज्या कादंबरीवरून चित्रपट घेतला तिच्यात तो जास्त कडवट आहे. बाप इंग्रज, आई इजिप्तची, पासपोर्टची मुदत संपलेली आणि आपला म्हणायला कोणताच देश तयार नाही. अशा माणसाला एक मोटार सीमेपलीकडे नेऊन द्यायचं काम मिळतं. मोटारीच्या दारात बंदूक आणि बाँब लपवलेले आहेत हे त्याला ठाऊक नसतं. तुर्की पोलिसांना ते सापडतात. लष्करी संचलनाच्या वेळी कुणाचा तरी खून पाडायचा हा कट आहे असा त्यांचा समज होतो, आणि ते सिम्प्सनला खबऱ्या करून त्याच टोळीत सोडतात. सिगारेटच्या पाकिटात चिठ्ठ्या सारत हा गृहस्थ ज्यांचं अन्न खातो त्यांचीच बातमी पोचवू लागतो. बातमी बहुधा चुकीची असते, कारण घरातला दारुडा स्वयंपाकी त्याला सांगतो की हे सगळे रशियन हेर आहेत, आणि हा ते खरं धरतो.

टोळीही बघण्यासारखी आहे. म्होरक्या स्विस, यंत्रं करणारा इंग्रज, आणि पाचूंच्या नादाने वेडी झालेली एलिझाबेथ लिप. ती मेलिना मर्कुरीने अशा खर्जातल्या हसण्यासकट उभी केली आहे की त्या बाईचा देश विचारावासाच वाटत नाही. म्होरक्याची अट एकच : सगळे हौशी हवेत, कुणाचंही नाव पोलिसांच्या दप्तरी नको. सराईत चोर ओळखला जातो, हौशी माणूस प्रवासी म्हणून खपतो. हिशेब चोख आहे. पण हौशी माणसांच्या हातून जे व्हायचं तेही होतंच. ज्या दणकट गड्याने दोर धरायचा त्याचे हात दारात चिरडतात, आणि राहतो कोण, तर सिम्प्सन.

घरफोडीचं विनोदाशी असलेलं नातं आपल्याकडे जुनं आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक भिंतीसमोर उभा राहून भोक कोणत्या आकाराचं पाडावं याचा रसिकपणे विचार करतो, मापाची दोरी घरी विसरलेली असते म्हणून गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. एवढी कला पणाला लावून तो जे दागिने उचलतो ते निघतात वसंतसेनेचे, आणि ते द्यायचे असतात तिच्याच दासीला सोडवण्यासाठी! देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून शर्विलक आपल्या घरचाच झाला. पण तो उज्जयिनीचा आहे. गल्ल्या त्याच्या पायांखालच्या आहेत, आणि चूक करतो तीही आपल्या माणसांतच करतो. डॅसिनच्या चोरांना ती सोय नाही. सगळं शहर त्यांना मार्गदर्शकाच्या तोंडून कळलेलं आहे. पाठलागावरच्या पोलिसांना हुलकावणी द्यायला ते तेल चोपडलेल्या पैलवानांच्या कुस्तीच्या आखाड्यात जाऊन बसतात. कॅमेरा त्या कुस्तीवर इतका रेंगाळतो की चोरी बाजूलाच राहते. हा भाग मला लांबलेला वाटतो. परक्या गावात नजर अशीच भलतीकडे अडकते हे खरं. पण त्यासाठी इतका वेळ मोजायला नको होता.

डॅसिनला परकेपण ऐकून माहीत नव्हतं. जन्म १९११ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला. आईबाप रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू. तरुणपणी तो कम्युनिस्ट पक्षात होता आणि १९३९ साली स्टालिनने हिटलरशी करार केला तेव्हा बाहेर पडला. पण १९५१ साली अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिकने कम्युनिस्ट म्हणून जी नावं घेतली त्यांत त्याचंही होतं. डमिट्रिक स्वतः याच प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेला. नावं सांगून त्याने आपलं काम परत मिळवलं. डॅसिनचं गेलं. युरोपातही ते लवकर मिळेना, कारण त्याचं नाव असलेला चित्रपट अमेरिकेत लागणार नाही ही निर्मात्यांची भीती होती. ‘नाइट अँड द सिटी’ १९५० चा, आणि त्यानंतरचा ‘रिफिफी’ थेट १९५५ चा. दिग्दर्शकाच्या भर उमेदीतली ही वर्षं.

‘रिफिफी’ पॅरिसमधला. जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या दरोड्याचं जवळजवळ अर्ध्या तासाचं दृश्य त्यात आहे, संवाद नाही, संगीत नाही. छताला पाडलेल्या भोकातून खाली सोडलेली छत्री उघडते आणि पडणारा चुना झेलते, हे ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. पण मला इथे सांगायचं आहे ते तिजोरी फोडणाऱ्या सेझारबद्दल. तो इटालियन, म्हणजे त्या टोळीतला परका. बायकांच्या नादात तो चोरीतली अंगठी एका गाणारीला देऊन बसतो. त्यावरून प्रतिस्पर्धी टोळीला माग लागतो, आणि दहशतीपुढे सेझार साथीदाराचं नाव सांगतो. मग म्होरक्या त्याच्यासमोर येतो. तू मला आवडायचास, असंही त्याला सांगतो. आणि गोळी घालतो, कारण नाव सांगणाऱ्याला दुसरी शिक्षा नाही. ठरलेला नट मिळाला नाही म्हणून सेझारची भूमिका डॅसिनने स्वतःच केली, टोपण नाव लावून. त्या प्रसंगाच्या वेळी आपल्या मनात मॅकार्थीच्या काळात मित्रांना दगा देणारे मित्र होते, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं आहे.

ज्याचं नाव सांगितलं गेलं त्या माणसाने नाव सांगणाऱ्याची भूमिका केली आणि स्वतःला गोळी घालून घेतली. मत्सर, सूड, आत्मपीडा, यातलं काय आणि किती, याचा निवाडा मी करणार नाही.

‘तोपकापी’ हा ‘रिफिफी’चा विनोदी भाऊ, असं समीक्षक म्हणत आले. दोन्हींत मूक चोरी, दोन्हींत छपरातून उतरणं, एक काळापांढरा तर दुसरा डोळे दिपवणाऱ्या रंगांतला. हे साम्य वरवरचं आहे. मधल्या ९ वर्षांत बदलला तो खबऱ्याचा निकाल. सिम्प्सन सेझारपेक्षा वाईट आहे. सेझारने जिवाच्या भीतीने एकदा तोंड उघडलं. हा रोज चिठ्ठ्या टाकतो. शेवटी आपल्याला छपरावर चढायचं आहे हे कळल्यावर त्याचं धैर्य खचतं आणि तो सगळं ओकतो. पोलीस मागावर आहेत, आणि त्यांना बातम्या देणारा मीच. आता गोळी यायला हवी. येत नाही. टोळी थोडी गांगरते, बेत नव्याने आखते, आणि लोंबकळणाऱ्याचा जीव ज्यावर आहे तो दोर या माणसाच्या हातात देते.

हे औदार्य नव्हे. त्यांच्याकडे दुसरा माणूस नाही, आणि ते हौशी असल्यामुळे ‘रिफिफी’तल्या म्होरक्याचा कायदा त्यांना माहीतच नाही. सराइतांच्या जगात निष्ठा हा धर्म असतो आणि धर्माला बळी लागतात. हौशींच्या जगात निभावून नेणं एवढंच असतं. डॅसिनला क्षमा दाखवायची असती तर त्याने गंभीर चित्रपट काढला असता आणि तो खोटा वाटला असता. विनोदात माफी मागावी लागत नाही. दोर हातातून सरकतो, माणूस किंचाळायच्या बेतात येतो, आणि तरी सोडत नाही. बस्स. उस्तिनोवचा चेहरा त्या क्षणी विनोदी राहत नाही.

चोरी फत्ते होते. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या सुलतानी खंजिराच्या जागी नक्कल बसते. बाहेर पडताना खिडकी ओढून घेतली जाते, पण त्याआधी एक पाखरू आत शिरलेलं असतं. ते फरशीवर उतरतं आणि गजर वाजतो. म्हणजे चोर पकडले जातात ते खबऱ्यामुळे नाही. कुणीच कुणाचं नाव सांगितलेलं नाही, हा मुद्दा डॅसिनच्या दृष्टीने लहान नसावा.

आता त्या खंजिराविषयी. तो कल्पित नाही. मुठीवर तीन मोठे पाचू, टोकाच्या पाचूच्या झाकणाखाली छोटं घड्याळ, म्यानावर हिरे आणि मीनाकारी. सुलतान महमूद पहिला याने तो इराणच्या नादिरशहासाठी करवून घेतला. नादिरशहाने महमूदला सिंहासन पाठवलं होतं, त्याची ही परतभेट. १७४७ साली तुर्की वकिलात भेटी घेऊन निघाली आणि वाटेतच कळलं की शहाचा खून झाला आहे. भेटी माघारी आल्या. ते सिंहासन आजही तोपकापीत आहे आणि त्याची घडण भारतीय मानली जाते. नादिरशहापाशी अशा वस्तू कुठून आल्या हे आपल्याला निराळं सांगायला नको. १७३९ च्या मार्चमध्ये त्याने दिल्ली लुटली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या त्या या मोहिमेतून, असं परंपरा सांगते. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेबद्दलही हेच सांगतात, आणि ती पाहताना आपल्याला अभिमान वाटतो, मलाही वाटतो. फौज बरोबर असली की त्या कामाला मोहीम म्हणतात.

फौजेशिवायही जमतं, कागद मात्र लागतो. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने १८०१ पासून अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं उतरवली ती इस्तंबूलच्या दरबारातून मिळालेल्या परवानगीच्या आधारावर. त्या कागदात नेमकं काय होतं यावर अजून वाद आहे. हा परका गृहस्थही गोंधळ घालण्यात कमी नव्हता. शिल्पांनी भरलेलं त्याचं ‘मेंटर’ जहाज १८०२ साली किथेरा बेटाजवळ बुडालं आणि पाणबुडे लावून पेट्या वर काढाव्या लागल्या. १८१६ साली ब्रिटिश सरकारने ३५ हजार पौंडांना तो सगळा माल घेतला. ‘तोपकापी’त पाचूंसाठी तळमळणारी मेलिना मर्कुरी १९८१ मध्ये ग्रीसची सांस्कृतिक मंत्री झाली आणि ही शिल्पं परत करा म्हणून जगभर भांडली. तोवर ती डॅसिनची पत्नी झाली होती, आणि ग्रीसच्या लष्करी राजवटीने १९६७ मध्ये तिचं नागरिकत्व काढून घेऊन झालं होतं. १९९४ साली ती वारली. तिच्या नावाच्या प्रतिष्ठानातून तिची मागणी डॅसिन पुढे चालवत राहिला आणि २००८ मध्ये तो अथेन्समध्ये वारला. अमेरिकेत जन्मलेला हा माणूस कुणाच्या हक्कासाठी भांडत होता पाहा.

आणखी एक गोष्ट चित्रपटात नाही, पण त्याच्या सालात आहे. १९६४ मध्येच सायप्रसच्या तंट्यावरून तुर्कस्तानने इस्तंबूलमधल्या ग्रीक नागरिकांना देश सोडायला लावला. सुमारे १२ हजार माणसं, त्यांतली कित्येक त्याच शहरात जन्मलेली. त्यांना सोबत नेता आलं ते एका बॅगेत मावेल एवढं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जगभरचे प्रेक्षक ग्रीक नटीला त्या शहराच्या छपरांखाली मौजेने चोरी करताना पाहू लागले.

चित्रपटाचा शेवट तुरुंगात होतो. सगळे एकाच आवारात, सिम्प्सनही त्यांच्यातला एक. एलिझाबेथ त्यांना आता क्रेमलिनमधल्या रोमानोव्ह घराण्याच्या जवाहिरांविषयी सांगू लागते, आणि श्रेयनामावली सरकताना सगळी टोळी रशियाच्या बर्फात दिसते. ज्याला लाल ठरवून हॉलिवूडने हाकललं, त्याने आपले चोर मॉस्कोवर धाडले, आणि बरोबर खबऱ्यालाही घेतलं.