तोंड पाहून काढलेली चित्रे

लग्नात छायाचित्रकार असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मोठ्या शहरांतील काही स्वागतसमारंभांत अलीकडे त्याच्या जोडीला चित्रकारही दिसतो. मंडपाच्या एका बाजूस तो मेज मांडून बसतो. पाहुणा समोर बसतो, आणि पाच-दहा मिनिटांत शाई व जलरंग यांनी त्याचे चित्र तयार होते. यजमानांची भेट म्हणून पाहुणा ते घरी नेतो. आपल्या घरच्या लग्नात असा चित्रकार बोलवावा काय, हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांपुढेही येणारच.

त्यावर सहसा दोन आक्षेप घेतले जातात. पहिला मूर्तीविषयीच्या आज्ञेचा. परंतु ती आज्ञा प्रतिमेला नमन करण्याविरुद्ध आहे. त्याच निर्गम पुस्तकाच्या 31 व्या अध्यायात बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने कौशल्य लाभल्याचे वर्णन आहे. तेव्हा हाताची कला हीही देणगीच होय. दुसरा आक्षेप खर्चाचा. कर्ज काढून थाट करणे चूकच आहे. पण जेथे ऐपत आहे तेथे केवळ खर्च झाला म्हणून पाप झाले, असे म्हणता येत नाही. काना येथील लग्नात प्रभूने सहा दगडी रांजण भरविले. आजच्या मापाने तो द्राक्षारस सुमारे 500 लिटर किंवा त्याहून अधिक भरेल. आनंदाच्या प्रसंगी प्रभूने हात आखडता घेतला नाही. मात्र तो द्राक्षारस सर्व पंगतीसाठी होता, हे आपण विसरू नये.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. समारंभ तीन तासांचा आणि प्रत्येक चित्राला दहा मिनिटे धरली, तर चित्रकाराने क्षणभरही विश्रांती न घेता 18 चित्रे होतील. पाच मिनिटे धरली तर 36. पाहुणे मात्र 400. मग त्या खुर्चीवर कोण बसणार? बहुधा हे कोणी ठरवीत नाही. ते आपोआप ठरते. साहेबांना यजमान हाताला धरून पुढे नेतात. ज्यांना पुढे होण्याची सवय आहे ते पुढे होतात. रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेली दूरची मावशी कडेच्या खुर्चीवर बसून लांबूनच कौतुकाने पाहत राहते.

या वागण्याला पवित्र शास्त्रात एक नेमका शब्द आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सोन्याची अंगठी घातलेला आणि मळके कपडे घातलेला अशा दोघांच्या उदाहरणाआधी, ‘प्रोसोपोलेम्प्सिया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘चेहऱ्याचा स्वीकार करणे’. मराठीत आपण ‘पक्षपात’ म्हणतो. पण ‘तोंड पाहून वागणे’ हा आपला बोलीतील वाक्प्रचार मुळाला अधिक जवळचा आहे. या ग्रीक शब्दामागे ‘चेहरा उचलणे’ हा इब्री वाक्प्रचार आहे. लेवीय 19:15 मध्ये न्यायाधीशाला तसे करण्याची मनाई आहे आणि अनुवाद 10:17 मध्ये देव तसे करीत नाही असे सांगितले आहे. आश्चर्य असे की, गणना 6:26 मधील याजकाच्या आशीर्वादातही हेच क्रियापद व हेच नाम येते. मात्र तेथे देव स्वतःचे मुख आपल्या लोकांकडे उचलतो. समोरच्याची प्रतिष्ठा पाहणे हा पक्षपात; आपले मुख त्याच्याकडे वळविणे हा आशीर्वाद. अनुवाद करणाऱ्याला येथे दोन वेगळे शब्द वापरावे लागतात, पण त्यांचे नाते विसरून चालत नाही.

लग्नातील पाहुण्यांची चित्रे ही कल्पना तशी जुनी आहे. वेरोनेझे या इटालियन चित्रकाराने 1563 मध्ये व्हेनिस येथील एका मठाच्या भोजनगृहासाठी कानाच्या लग्नाचे भव्य चित्र पूर्ण केले. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात सुमारे 130 आकृती आहेत, आणि त्या काळच्या राजांचे चेहरेही त्यांत आहेत असे परंपरा सांगते. योहानाचे शुभवर्तमान मात्र आपले लक्ष दुसरीकडे वेधते. द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते.

म्हणून चित्रकार बोलवायचाच असेल, तर खुर्चीवर कोणाला बसवायचे याचा विचार यजमानांनी आधी करावा. आपल्या कितीतरी घरांत वडीलधारे माणूस प्रभूकडे गेल्यावर भिंतीवर लावण्यास फोटो सापडत नाही, आणि मतदार ओळखपत्रावरील इवलासा चेहरा मोठा करून घ्यावा लागतो. रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या वृद्ध बाई, मंदिराची झाडलोट करणारे काका, दूरच्या गावाहून आलेली विधवा आत्या यांना पहिले बोलावणे जावे. लूकच्या 14 व्या अध्यायात प्रभूने ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना मेजवानीस बोलावण्यास सांगितले आहे. ती आज्ञा या खुर्चीलाही लागू पडते. आणि तासन्‌तास मान खाली घालून काम करणाऱ्या चित्रकाराला वेळेवर जेवणाचे ताट मिळाले की नाही, हेही कोणीतरी पाहावे.

एवढे केले तरी एक गोष्ट उरते. चित्रकार दहा मिनिटे ज्या चेहऱ्याकडे एकाग्रतेने पाहतो, त्याच चेहऱ्याकडे शुभेच्छांच्या रांगेत यजमान क्षणभर पाहतात आणि पुढच्या आहेराकडे हात करतात. अशा भेटीला मराठीत ‘तोंडदेखली’ म्हणतात. रानात पळून गेलेल्या हागार दासीने, उत्पत्तीच्या 16 व्या अध्यायात, देवाला ‘पाहणारा देव’ असे नाव दिले. मालकांच्या घरात जिला माणूस म्हणून कोणी पाहिले नव्हते, तिला त्याने पाहिले. पाहुण्याचे चित्र काढण्यासाठी माणूस नेमता येतो. आलेल्या माणसाकडे आपले मुख वळविण्याचे काम मात्र यजमानालाच करावे लागते, आणि चित्रकार नसलेल्या साध्या मंडपातही ते करता येते.