खुशाली



गेल्या गुरुवारी बैठक झाल्यावर चहाच्या वेळी एक मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. पंचविशीचा असेल. इथे इंदूरला रामबागेत वडिलांचं स्टेशनरीचं दुकान सांभाळतो. म्हणाला, "काकू, मी खोटं बोललो का, तेवढं सांगा."

त्याचा जिवलग मित्र दोन वर्षांपूर्वी कॅनडात, ब्रॅम्प्टनला शिकायला गेला. दर रविवारी रात्री साडेनऊला यांचा फोन, तिकडे तेव्हा दुपारचे बारा. (थंडीत ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात, मग इथे साडेदहा होतात आणि हा पेंगत बोलतो.) पावसाळ्यात मित्राची आई घरात कोसळली, अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्यात रात्रंदिवस हाच होता. जरा बरं वाटल्यावर माउलीने याला शपथ घातली, "त्याला कळवू नकोस. परीक्षा आहे, तिकीट केवढं महाग, तो तिथे जेवणार नाही."

रविवारी मित्राने विचारलं, "आईचा आवाज खोल गेल्यासारखा वाटतो. खरं सांग." हा म्हणाला, "आत्ताच भेटून आलो. मजेत आहे." भेटून आला होता, हे खरंच होतं.

दिवाळीत कुणीतरी फॅमिली ग्रुपवर दवाखान्यातला फोटो टाकला. तेव्हापासून रविवारचा फोन बंद.

आमच्यात लगेच दोन तट पडले. कुणी म्हणालं, शपथ पाळली, चूक काय? कुणी धर्मराजाची आठवण काढली. अर्धं सत्य बोलला आणि रथ जमिनीला टेकला. आम्हाला मात्र सुदामा आठवला. त्याने पोह्यांची पुरचुंडी लपवली तरी कृष्णाने ओढून घेतली, कारण दोघं समोरासमोर होते. फोनवर काखेतलं दिसत नाही. दूर गेलेल्या मुलाला आपलं घर मित्राच्या डोळ्यांनीच दिसतं. त्या डोळ्यांवरच आपण हात ठेवला, तर त्याने बघायचं कुठून?

एक ताई इतका वेळ गप्प होत्या. त्यांची मुलगी जर्मनीत असते. म्हणाल्या, "शपथ घालणारी मीच आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिला अजून माहीत नाही." मग एकेक करून आम्ही बहुतेकजणी कबूल झालो. काळजी नको म्हणून लपवतो, हे खरं. पण त्याच्या आड आणखी एक भीती असते, ती कुणी बोलत नाही. कळूनही तो आला नाही तर?

आम्हाला असं वाटतं, आजार आईचा, तेव्हा तो सांगायचा की नाही हा तिचा अधिकार. तिने गप्प राहावं. पण दुसऱ्याच्या पोराच्या तोंडून खोटं वदवण्याचा अधिकार तिला नाही. आणि याने "मजेत आहे" म्हणण्याऐवजी "हे तू आईलाच विचार, पण विचारच" एवढं म्हटलं असतं, तर शपथही मोडली नसती. मित्राला काय समजायचं ते समजलं असतं. बिचाऱ्यावर दोन्हीकडचं ओझं. तिकडे बेसमेंटमध्ये सहाजण राहतात, हे आईला सांगायचं नाही, ही मित्राची शपथही याच्याच गळ्यात!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याच्याबरोबर वहिनींकडे गेलो. त्या आधी चिडल्याच. "माझ्या दुखण्याची चर्चा बैठकीत?" त्यांचं बरोबर होतं, आम्ही माफी मागितली. बराच वेळ त्या मेथी निवडत बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "रविवारी इथूनच फोन लाव. मी बोलते." (हे त्यांना विचारूनच लिहिलं आहे.)

रविवारी साडेदहाला फोन लागला. पहिला उचलला नाही, दुसरा उचलला. वहिनींनी सगळं सांगितलं, छातीवर हात ठेवून. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग त्याने विचारलं, "गोळ्या कोण आणून देतं?" वहिनींनी फोन याच्या हातात दिला.