हरणाचं पाडस, पाल आणि रातकिडे



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पंचम स्कंध, अध्याय 8. भरत राजा आणि हरणाचं पाडस.

गोष्ट बहुतेकांनी लहानपणी कीर्तनात ऐकलेली असते. राज्य सोडून भरत गंडकीच्या काठी पुलहाश्रमात राहतो. नदीवर पाणी प्यायला आलेली गाभण हरिणी सिंहाच्या डरकाळीने घाबरून उडी मारते, पाडस पाण्यात पडतं, आई मरते. भरत पाडसाला उचलून आणतो, वाढवतो. हळूहळू त्याचे नेम सुटतात, मरताना डोळ्यांपुढे पाडसच असतं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळतो. तात्पर्य काय सांगतात? एवढा मोठा तपस्वी, पण एका प्राण्यात जीव अडकला आणि घसरला.

यंदा हे तात्पर्य मला पटेना. कारण जरा वेगळंच आहे.

मी लेस्टरला राहते हे जुन्या वाचकांना माहीत आहेच. माझी गुजराती फ्लॅटमेट वडिलांच्या आजारपणामुळे तीन महिने भारतात गेली आणि तिची लेपर्ड गेको माझ्याकडे राहिली. म्हणजे पालच! पण ही आपल्या घरातल्या पालीसारखी भिंतीवर चढत नाही आणि हिला पापण्या असतात, चक्क डोळे मिटून झोपते. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ भागातली. अंगभर ठिपके, म्हणून नाव बुंदी. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, पाल अंगावर पडली तर आम्ही डोक्यावरून पाणी घेतो आणि तू ती हातात घेतेस?" मग जरा थांबून, "जेवली का ती?"

ती जेवत नव्हती. या पाली चरबी शेपटीत साठवतात, म्हणून निरोगी गेकोची शेपटी जाडजूड असते. बुंदीची काडीसारखी झाली होती. चालताना पाय थरथरायचे. डॉक्टरांनी जबडा हलकेच दाबून पाहिला, तो मऊ लागत होता. शरीराला बाहेरून कॅल्शियम मिळालं नाही की ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. फ्लॅटमेट तिला नुसत्या अळ्या घालायची. त्यांना कॅल्शियमची पावडर आणि डी-3 जीवनसत्त्व लावायचं असतं हे दुकानात तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वजन भरलं 34 ग्रॅम.

मग सुरू झाली सेवा. औषधाचा थेंब नाकाच्या टोकाला लावायचा, तो ती जिभेने चाटून घेते. काचेच्या पेटीची एक बाजू 32 अंशांच्या आसपास ठेवायची, कारण तिचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही आणि पोटाला ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही. पहिले काही दिवस हरिपाठ म्हणता म्हणता माझी नजर थर्मोस्टॅटच्या आकड्याकडे जायची.

आणि नेमकं हेच आठव्या अध्यायात आहे! पूजा चालू असताना भरत मध्येच उठतो आणि पाडस कुठे आहे ते बघतो. दिसलं की जीव भांड्यात पडतो. दिसलं नाही, तर पैसे हरवलेल्या कंजुषासारखा तळमळतो. चंद्रावरचा डाग पाहून त्याला वाटतं, माझ्या पाडसाला चंद्रानेच जवळ घेतलं असेल. किती गोड आणि किती करुण आहे हे! शुकाचार्य हे वर्णन करतात तेव्हा मला तरी त्यात चेष्टा दिसत नाही. पाडसाला पाण्यातून बाहेर काढणं चुकलं, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. जळो ते तप, ज्याच्यासाठी बुडणारं पिल्लू डोळ्यांदेखत वाहू द्यावं लागेल.

पण म्हणून भरताला सोडून देता येत नाही. तो कुठे घसरला ते मला रातकिड्यांनी दाखवलं.

गेको पूर्ण कीटकभक्षी. गाजर, पालक, भात यांवर ती जगूच शकत नाही. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. आणि मी दर आठवड्याला दुकानातून जिवंत रातकिड्यांचा डबा आणायचे, पिशवीत पावडर घालून त्यांना घोळवायचे आणि एकेक करून तिच्यापुढे सोडायचे. एकादशीला स्वतः साबुदाणा खाऊन तिच्यासाठी रातकिडे मोजायचे. अकरा आठवड्यांत किती झाले असतील, हिशोब केला नाही. करता आला असता.

"निसर्गाचा नियमच आहे" असं लगेच कुणीतरी म्हणेल. मला हे उत्तर फार स्वस्त वाटतं. काचेची पेटी, थर्मोस्टॅट, प्लास्टिकच्या डब्यातले विकत आणलेले किडे, यात निसर्ग कुठे आहे? तिथे माणूस आहे. रानातली पाल स्वतः शिकार करते, तिला पाप नाही. इथे कोण मरणार आणि कोण जगणार हे मी ठरवत होते. बरं, खायला घालायचंच नाही असं ठरवलं असतं, तरी तेही माझंच ठरवणं. पेटीत कोंडलेला जीव उपाशी मारणं ही अहिंसा नव्हे.

महाभारतातला शिबी आठवा. कबुतराला तो मांडीवर आसरा देतो तेव्हा ससाणा विचारतो, त्याला वाचवलंस, मग मी काय खाऊ? प्रश्न अगदी रास्त आहे. शेवटी शिबी काय करतो? तराजू मागवतो आणि कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस कापून पारड्यात घालू लागतो. माझ्याकडेही वजनकाटा होता. दर रविवारी बुंदीला त्यावर ठेवायचे : 34, 36, 39... शेवटी 49. आकडा वाढला की मला आनंद व्हायचा, फोटो काढून फ्लॅटमेटला पाठवायचे. पण त्या पारड्यात माझं काहीच नव्हतं. होतं ते सगळं रातकिड्यांचं.

त्यांना नावं नव्हती, एवढाच काय तो फरक.

भरताची गोष्ट आठव्या अध्यायात संपत नाही, हे आपण विसरतो. हरणाच्या जन्मानंतर तो जडभरत होतो. दहाव्या अध्यायात रहूगण राजाची माणसं त्याला पालखी वाहायला धरून नेतात. पालखी हिंदकळते, राजा चिडतो. ती हिंदकळते कशाने? पायाखाली जीव चिरडू नये म्हणून हा बाणभर पुढची जमीन बघत पाऊल टाकतो आणि बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळत नाही. एका पाडसापायी एवढा भोगलेला माणूस! दया सोडायची हा धडा त्याने घेतला असता, तर मुंग्या बघत चालला नसता. मला वाटतं, त्याची दया तीन जन्मांत तशीच राहिली. 'माझं पाडस' मात्र गळून पडलं. आधी एकच जीव दिसत होता आणि चंद्रसुद्धा त्याच्याचसाठी होता. आता पायाखालचे सगळे दिसतात.

याने माझे रातकिडे सुटत नाहीत. पुन्हा अशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, पण "चांगलं काम केलं" असं निवांतपणे म्हणणं जमणार नाही. तुमच्यापैकी कुणी मांजराला मासे घालत असेल, त्यांना कळेल.

फेब्रुवारीत फ्लॅटमेट परत आली. तिला दुसरीकडे खोली मिळाली होती. बुंदीला ती घेऊन गेली, शेपटी चांगली जाड झाली होती. तिने येतानाच नवा डबा आणला होता, त्यामुळे जुना माझ्याकडेच राहिला. त्यात नऊ रातकिडे. बाहेर सोडावे तर थंडीने मरतील, शिवाय ते इथले नव्हेत. मी गाजराचा तुकडा टाकते, ओला कापूस ठेवते. तसंही त्यांचं आयुष्य दोन-अडीच महिन्यांचंच. आज सात आहेत. रात्री हरिपाठाच्या वेळी त्यातले दोन ओरडतात.