बॅटरी गेली?



१९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन सिटांची भारतीय स्पोर्ट्स कार बाजारात आली. बॉडी फायबरची. मेहकर रस्त्यावर ती क्वचितच दिसेल, पण प्रश्न आपल्या गाड्यांचाही आहे.

चावी फिरवली, नुसता 'टक' आवाज, सेल्फ फिरत नाही. मेकॅनिकचा निकाल : "बॅटरी गेली." नवी बसवली, गाडी सुरू झाली. मग निकाल खरा होता का? बॅटरी बदलताना टर्मिनल घासले गेले, अर्थची वायर आवळली गेली. दोष तिथेच असू शकतो. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून अशा गाडीत अर्थच्या वायरींवर फारच भिस्त. जुनी बॅटरी एरवी १२.६ व्होल्ट आणि चावी फिरवतानाही दहाच्या वर दाखवत असेल, तर संशय आधी जोडणीवर घ्यावा. मीटर लावायला दोन मिनिटे पुरतात.

मेकॅनिक खोटे बोलला का? नाही, त्याला तसे वाटलेच होते. तरी मी त्याला प्रामाणिक म्हणणार नाही. 'वाटते' आणि 'तपासले' यांतला फरक त्याने झाकला, आणि त्याच्या अंदाजाची किंमत गिऱ्हाइकाने भरली. "अंदाज आहे, बदलून पाहू का?" एवढे विचारले असते तर तक्रार नव्हती.

अर्थात गिऱ्हाईकही पार्टचे पैसे मुकाट देते, तपासणीचे मागितले की घासाघीस करते.