बिग फनची चित्रं आणि अपरिग्रह

माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि या जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्याला करते. अंगावरचे कपडे, एक पिशवी आणि गळ्यातली तुळशीमाळ एवढ्यावर पंढरपूर गाठणारी माणसं हे गाव दरवर्षी पाहतं. जवळच दहिगावला महावीरांचं जैन क्षेत्र आहे. अशा मुलखात वस्तू जमवण्याच्या नादाकडे जरा संशयानंच पाहिलं जाणार. काड्यापेटीचे छाप, पोस्टाची तिकिटं, १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं हे सगळं एका पिढीनं पोरवयात वेड लागल्यासारखं जमवलं. चित्रावर रन किंवा विकेट छापलेल्या असत, त्यांची बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की बक्षीस मिळे. हा परिग्रहाचा, म्हणजे साठवून ठेवण्याचा, पहिला धडा होता, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मर्यादा पाळणं आणि हातचं सोडणं या दोन्ही गोष्टी मुलं त्या चित्रांमधूनच शिकत होती.

परिग्रहाची सर्वांत कसून चिकित्सा जैन परंपरेनं केली, आणि तिचाच कौल इथं मुलांच्या बाजूनं पडतो. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रह ओळखला तो वस्तूवरून नव्हे, वस्तूपायी येणाऱ्या मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून. मुनीला सर्वत्याग सांगितला, पण श्रावकाला परिग्रह-परिमाण सांगितलं: किती बाळगायचं ते आपणच ठरवायचं आणि तिथं थांबायचं. चित्रांच्या संचाला असा शेवट असतो. सगळे खेळाडू मिळाले की संच पुरा होतो. तिजोरी कधीच पुरी होत नाही. आणि संच पुरा करायचा तर घट्ट धरून बसता येत नाही, आपल्याकडचा ‘डबल’ समोरच्याला द्यावाच लागतो. यावर आक्षेप रास्त आहे: डबल देणं हा व्यवहार झाला, त्याग कसला? मान्य. शिवाय मुलं चिडवायची, ढापायची, एक संच संपताच दुसऱ्यामागे लागायची, आणि चित्रासाठी गम विकत घ्यायला लावणाऱ्या कंपनीला तर हेच हवं होतं. पण समोरच्याला काय हवं आहे हे नीट ऐकल्याशिवाय अदलाबदल होतच नाही. स्वतःच्या गरजेइतकीच दुसऱ्याची गरज डोक्यात ठेवणं ही सात-आठ वर्षांच्या वयात लहान कमाई नव्हे.

तुकोबांच्या चरित्रात कागद दोनदा इंद्रायणीत जातात, आणि दोन्ही वेळा त्यांचं वागणं वेगळं आहे. परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी आपल्या हातानं बुडवली आणि मागे वळून पाहिलं नाही. अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या तेव्हा मात्र ते तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय काठावर बसून राहिले. ही आसक्ती म्हणावी तर वैराग्याचा सगळा अर्थच कोलमडतो. कर्जखत जपलं की कुणीतरी आपला बांधील राहतो. वही जपली की ती कुणालाही वाचता येते. वस्तू जपण्याच्या बऱ्यावाइटाचा निवाडा इथं होतो, आणि मुलाची चित्रं कुणालाही बांधील करत नाहीत.

किंमत शिरली की मात्र सगळं बदलतं. अमेरिकेत टॉप्स कंपनीनं १९५२ ची न खपलेली बेसबॉल कार्डं पुढे समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. जे कार्ड हरवेल या भीतीनं तिजोरीत ठेवावं लागतं, तिथं मूर्च्छा आली असं म्हणायला मला संकोच नाही. उलट दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं अडकित्ते, दिवे, घरगुती वापरातली भांडी आयुष्यभर जमवली आणि तो हजारो वस्तूंचा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. पुण्यात तो आज कुणीही पाहू शकतो. आयुष्यभराचं जमवणं आणि ते सोडणं एकाच माणसाला साधलं, ते त्यानं आपण होऊन सोडलं म्हणून. घर आवरताना मुलाचा चित्रांचा डबा न विचारता रद्दीत घालणाऱ्या आईवडिलांनी वैराग्याचं नाव घेऊ नये. परिमाणाचं व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. डबा कधी रिकामा करायचा, हे त्या मुलालाच ठरवू द्यावं.