पैसे आहेत, बिछाने कमी पडतात



तुम्ही इंग्लंडमध्ये लहान गावात राहत असाल तर गावाच्या वेशीवरची पाटी एकदा नीट वाचा. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'ट्विन्ड विथ' आणि पुढे एखाद्या फ्रेंच गावाचं नाव असण्याची बरीच शक्यता आहे. आमच्या केंटमधल्या गावाच्या पाटीवर नॉर्मंडीतलं एक गाव आहे. सात वर्षं मी रोज त्या पाटीसमोरून गाडी नेली आणि ही कौन्सिलची शोभा आहे असंच समजत राहिलो.

गेल्या वर्षी शेजारच्या बाई दारात आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. जुळ्या गावांच्या मंडळाचं काम त्या बघतात. मे महिन्यात फ्रेंच पाहुणे यायचे होते, चार रात्रींसाठी. दोघांची सोय तुमच्याकडे होईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ऑफिसात मोठं रिलीज आहे, जमणार नाही, पण देणगी नक्की देतो. त्या हसून म्हणाल्या, "पैसे आहेत हो आमच्याकडे. बिछाने कमी पडतात."

मला ते लागलं. मग मी या प्रकाराचा इतिहास वाचला आणि आणखी लागलं.

पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समधली कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. 1920 मध्ये इथे 'ब्रिटिश लीग ऑफ हेल्प' स्थापन झाली आणि ब्रिटिश शहरांनी ही गावं चक्क दत्तक घेतली. बर्मिंगहॅमने आल्बेर घेतलं, शेफील्डने बापोम. पैसे गेले, वस्तू गेल्या. मदत खरी होती, तिला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण शब्द बघा, 'दत्तक'. एक आई-बाप, दुसरं लेकरू.

दुसऱ्या महायुद्धानंतर शब्द बदलला. 1951 मध्ये जिनिव्हात युरोपातल्या नगरपालिकांची परिषद स्थापन झाली आणि गावांच्या जोड्या लावण्याच्या कामाला जोर आला. फ्रेंचमध्ये याला 'झ्युमलाज' म्हणतात, म्हणजे जुळं करणं. जुळ्यांमध्ये कुणी पालक नसतो. करारावर एका बाजूने फ्रेंच मेयरची सही, दुसऱ्या बाजूने आपल्या पॅरिश कौन्सिलच्या अध्यक्षांची. पण उशा-पांघरुणं लोकांच्या घरची. सहसा एक वर्ष ते येतात, पुढच्या वर्षी आपण जायचं. जो वाढतो, तोच पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या ताटावर बसतो.

तुम्ही म्हणाल, करार करून कुठे मैत्री होते का? मलाही तोच प्रश्न पडला होता. पण आपण विहारात मैत्री भावना करतो तेव्हा काय करतो? आधी स्वतः, मग प्रिय व्यक्ती, मग जी ना आवडती ना नावडती अशी व्यक्ती, आणि मग वैरी. ती तिसरी व्यक्ती मला नेहमी अवघड जाते, कारण तिच्याबद्दल मनात काहीच येत नाही. डोळे मिटून तिला पंधरा मिनिटं शुभेच्छा देणं जमतं. तीच चार दिवस आपलं बाथरूम वापरणार असेल तर गोष्ट वेगळी. या गावांनी भावना जागी होण्याची वाट पाहिली नाही, आधी खोली रिकामी केली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये करुणेवर न थांबता पुढे मैत्री सांगितली आहे. करुणेत मी देणारा राहू शकतो. मैत्रीत मला घ्यावंही लागतं, आणि माझी अडचण तिथेच आहे.

आता कबुली. आमच्या मित्रांच्या गटाने अकोला जिल्ह्यातल्या एका वस्तीतली अभ्यासिका, हो, 'दत्तक' घेतली आहे. हाच शब्द आम्ही पत्रकात छापला. तीन वर्षांपूर्वी मी तिथे गेलो. पुस्तकं दिली, फोटो काढले. वस्तीतल्या बायांनी जेवण केलं होतं. मी सांगितलं, वेळ नाही. पाण्याचा तांब्या पुढे आला तेव्हा पोट बिघडेल म्हणून पिशवीतली बाटली काढली. माझ्या आजोबांना दुसऱ्यांच्या विहिरीवर पाणी मिळालं नाही, आणि मी आपल्याच माणसांच्या हातचं नाकारून रात्री शहरातल्या हॉटेलात झोपलो. कुणी काही बोललं नाही. तांब्या आत गेला एवढंच.

पोटाचं कारण खोटं नव्हतं. पण जेवणाचं होतं.

ट्विनिंगचा गौरव करायचा नाही मला. नगरसेवकांच्या वाइनच्या सहली म्हणून त्याची थट्टा होते, काही ठिकाणी ती खरीही असेल. बिशप्स स्टॉर्टफर्डच्या कौन्सिलने तर 2011 मध्ये आपल्या फ्रेंच आणि जर्मन जोड्या मोडल्या. मंडळं म्हातारी होत चालली आहेत. ब्रेक्झिटनंतर, ऑक्टोबर 2021 पासून, फ्रेंच मुलांना ओळखपत्रावर इथे येता येईना, पासपोर्ट लागू लागला आणि शाळांच्या सहली आटल्या. शालेय गटांना पुन्हा सवलत मिळाली ती डिसेंबर 2023 मध्ये. आणि माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट. पुढच्या वर्षी सगळं गाव बसमध्ये बसेल तेव्हा शेंगेन व्हिसा लागणारा मी एकटाच. शेजारच्या बाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्या म्हणाल्या, मग तुझ्यासाठी आपण पत्र मागवू, त्यांच्या मेयरची सही घेऊन. म्हणजे आता मला फ्रेंच गावाची मदत घ्यावी लागणार.

या मे महिन्यात दोघे जण आमच्याकडे उतरणार आहेत. आई आतापासून विचारतेय, त्यांना ज्वारीची भाकरी तोडता येईल का.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या मुलीलाही मी लिहिलं की डिसेंबरमध्ये दोन रात्री वस्तीत राहायला येतो, चालेल का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "या ना सर. मच्छरदाणी मात्र घेऊन या, आमच्याकडे जास्तीची नाही."